उंबरपाड्याची गाडी

मंगा पावरा गेला त्याला या फेब्रुवारीत सहा वर्षं झाली. चोपडा डेपोत अजूनही कुणीतरी त्याचा विषय काढतं आणि म्हणतं, "काय माणूस होता! शेवटपर्यंत डगमगला नाही." मी तिथून उठून जातो. डगमगला नाही हे खरंच आहे. डगमगलं कोण, ते डेपोत कुणाला माहीत नाही. उंबरपाड्याला माहीत आहे.

मी पितांबर, कंडक्टर. मंगा माझा ड्रायव्हर. अकरा वर्षं आमची जोडी होती, कधी चोपडा-धुळे, कधी उंबरपाड्याची मुक्कामी गाडी. ड्यूटी वेगळी लागली तर मी भांडून एकत्र लावून घ्यायचो. भांडणात आपला हात कुणी धरायचा नाही. खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरणारा दिसला की माझं डोकंच फिरायचं. तो रुमाल मी उचलून बाहेर भिरकावायचो, आणि मग जी जुंपायची ती अमळनेर येईपर्यंत. मंगा पुढे शांत. कितीही आरडाओरडा झाला तरी माझी डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी इंचभर हलवायचा नाही. घंटीची दोरी एकदा ओढली म्हणजे थांब, दोनदा ओढली म्हणजे चल. एवढीच आमची भाषा, आणि तिच्यात आम्हा दोघांची कधी चूक झाली नाही.

तो ख्रिस्ती. सातपुड्याच्या पायथ्याचा, उंबरपाड्याचा. गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगवर हात ठेवून अर्धा मिनिट डोळे मिटायचा. मी मागून ओरडायचो, "अरे, टाइम झाला! गाडी तुझा देव चालवतो का वर्कशॉप?"

"ब्रेक वर्कशॉपचा भाऊ, पाय त्याचा," तो म्हणायचा.

माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली. बारा वर्षांचा असताना मी स्वतः बापाबरोबर घरातला देव्हारा उचलून तापीत सोडला. देव नाही, देवी नाही, भगत नाही, नवस नाही. बावीस प्रतिज्ञा मला झोपेत विचारा. त्यामुळे मंगाची मी फार टर उडवायचो. तोही काही कमी नव्हता. म्हणायचा, "नाव पितांबर, आणि म्हणे देव नको." मी म्हणायचो, नाव आजीनं ठेवलंय, तिला जाऊन जाब विचार.

नव्वदच्या दिवाळीत त्याचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून महिना गेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि घशाचा कॅन्सर म्हणाले. आता बघा! आयुष्यात ज्याने विडी ओढली नाही, सुपारी खाल्ली नाही, त्याला कॅन्सर. आणि तंबाखूची पुडी चोवीस तास खिशात ठेवणारा मी, ठणठणीत. मी त्याला तोंडावर म्हणालो, "तुझा देव आंधळा आहे की काय? सीट नंबर चुकला त्याचा." तो हसला. मुंबईला जाऊन दीड महिना शेक घेतले, गळ्याची कातडी जळून काळी पडली. वर्षभर बरं गेलं आणि एक्क्याण्णवच्या डिसेंबरात त्याला श्वास पुरेना. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची ठरली. म्हणजे आवाज कायमचा जाणार.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी धुळ्याच्या दवाखान्यात, व्हरांड्यातल्या बाकावर त्याने मला बसवून घेतलं. आवाज नुसता खरखर करत होता.

"उद्यापासून बोलणं बंद, भाऊ. म्हणून आज सांगून ठेवतो."

"पाटीवर लिही की."

"हात चालेल तोवर लिहीन. शुद्ध असेल तोवर. मी त्याच्या नंतरचं सांगतोय." मग त्याने बापाची गोष्ट सांगितली, जी अकरा वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्याचा बाप ठाकऱ्या उंबरपाड्यातला पहिला ख्रिस्ती. त्यासाठी भावांचा मार खाल्ला, विहिरीवर पाणी बंद झालं, तरी हटला नाही. शेवटी तापात त्याची शुद्ध गेली तेव्हा भावांनी भगत आणला, पायात दोरा बांधला, बकरा कापला. तिसऱ्या दिवशी ठाकऱ्या गेला. "आणि माती दिली त्याच दिवशी अख्खा पाडा म्हणायला लागला, ठाकऱ्या शेवटी आपल्या देवांकडे परत आला. जन्मभराची साक्ष एका दोऱ्यानं पुसली, भाऊ. त्याला नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी अकरा वर्षांचा, मला हिंमत नव्हती."

थोडा दम घेऊन तो पुढे म्हणाला,

"माझी माय दोरा आणेल. ती कधी या वाटेला आली नाही, तिचा जीव तिकडेच आहे. वाईट नाही ती, मायच आहे. पण तू बांधू देऊ नको."

"तुझे चर्चचे लोक आहेत की. पाळकसाहेब आहेत."

"ते प्रार्थना करतील. इथं भांडणारा माणूस पाहिजे. तुझ्यासारखा भांडखोर आमच्या चर्चमध्ये एकही नाही." तो हसायला गेला आणि खोकत सुटला.

मी म्हणालो, "माझ्या जिवात जीव आहे तोवर तुझ्या अंगाला कुणी दोरा लावून तर दाखवू दे." असा मोठ्या छातीनं शब्द दिला मी.

मग चोपड्याला डेपोमागच्या त्याच्या दोन खोल्या, लोखंडी खाट, गळ्यात एक नळी, नाकात एक. बायको कस्तुरा दिवसातून चार वेळा नळी साफ करायची आणि नाकातल्या नळीतून दूध-पेज सोडायची. खाटेच्या कडेला एक स्टीलचा चमचा बांधून ठेवला होता. दूध पुरे झालं की खाटेवर एक ठोका. चालू दे म्हणायचं तर दोन. शिकवावं लागलं नाही, आमचा धंदाच तो.

ड्यूटी संपली की मी त्याच्याजवळ स्टुलावर जाऊन बसायचो. एकदा दुखणं फार वाढलं होतं, कपाळावर घाम, मुठी आवळलेल्या. मी चिडून म्हणालो, "कुठे आहे रे तुझा तो? एवढी हाक मारतोस, कधी आला का बघायला?" मंगानं पाटी ओढली आणि लिहिलं, 'सरक. त्याला बसू दे.' गर्दीत प्रवाशांना मी जसं ओरडायचो ना, सरका सरका, बसू द्या त्यांना, तसंच. मला हसू आलं आणि रडूही आलं. पण खरं सांगतो, मी थोडा सरकलो.

जानेवारीत त्याची माय चमेलीबाई आली. पासष्टीची, काटकुळी, पदराच्या गाठीत दोरा. मी दारातच अडवलं.

"माय, आत जा, पोराला भेट, त्याच्याजवळ बस. पण तो दोरा इथं ठेव."

"तू कोण?"

"मंगाचा कंडक्टर."

तिने दोरा ठेवला नाही, मी आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी तिच्या हातातून दोरा हिसकावला आणि गटारीत फेकला. गल्लीतले लोक बघत होते. म्हातारी रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मना पोऱ्या शे तो. तुना शे का?"

पोर तिचंच होतं, तरी तोंड वर करून मी म्हणालो, मंगानंच सांगितलंय. त्यानंतर ती रिकाम्या हाताने आत जायची, लेकाचे पाय चेपायची, आणि उरलेला वेळ ओट्यावर भिंतीला टेकून बसायची. कस्तुरा देईल ते खायची. एवढ्या थंडीत गावाला गेली नाही. मी येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळायचो.

फेब्रुवारी लागला तशी त्याच्या हातात लिहिण्याइतकी ताकद उरली नाही, पाटी सुटली. डॉक्टर म्हणाले आठवडा. एका दुपारी नळीतून रक्त आलं. थांबेचना. कस्तुराने लावलेला टॉवेल भिजला, मग दुसरा भिजला. मंगाचे डोळे नुसते फिरत होते. श्वास परत लागला तेव्हा त्याने बोटानं स्टुलाकडे दाखवलं. मी ताडकन उठलो. "घे! बसव त्याला! बसव आणि विचार, हे बघवतं का म्हणून!" असं ओरडलो मी मरत्या माणसावर. मंगाने माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि डोळे मिटले. त्याचा धीर मला सहन होईना. तो घाबरला असता तर मला सोपं गेलं असतं, देवाशपथ!

देवाशपथ म्हणतोय मी. बघा, कुठे जाऊन पोचलो.

दुसऱ्या दिवशी मला उंबरपाड्याची मुक्कामी ड्यूटी होती. नवा ड्रायव्हर बन्सीलाल. रात्र गाडीत काढली, डोळ्याला डोळा नाही. दिसत होता तो टॉवेल. पहाटे उजाडायच्या आधी उठलो आणि माझे पाय आपोआप भगताच्या झोपडीकडे गेले. आपोआप म्हणणंही खोटंच. वाट मी रात्रीच विचारून ठेवली होती.

भगत शेकोटीपाशी बसला होता. याच्याच बापाने ठाकऱ्याला दोरा बांधलेला.

"कुणासाठी?"

"मना भाऊ शे," मी म्हणालो.

"नाव?"

"मंगा."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओळखलं त्याने. काळ्या दोऱ्याला सात गाठी मारल्या, तोंडाने काय काय पुटपुटला आणि माझ्या मुठीत ठेवला. म्हणाला, "पायात बांधेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. एक शब्द बोललास की दोरा मेला."

उंबरपाडा ते चोपडा दोन तास. खच्चून भरलेली गाडी, आणि कंडक्टर मुका! बोटं दाखवून तिकिटं फाडली. एका बाईने तीनदा विचारलं, गाडी स्टँडच्या आत जाईल का, मी नुसती मान हलवत राहिलो. एकाने माझ्या डोळ्यांदेखत खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. मी त्या रुमालाकडे बघत राहिलो. "पितांबरभाऊ, दात दुखतो का?" बन्सीलालने विचारलं. मी दोरी दोनदा ओढली. दोन महिने मंगाला आतून कसं होत असेल ते मला त्या गाडीत कळलं. मुठीतला दोरा घामानं ओला झाला होता.

ओट्यावर चमेलीबाई बसली होती. तिने माझी आवळलेली मूठ पाहिली, माझं मिटलेलं तोंड पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. तिच्या गावचीच रीत ती. ती माझ्या मागे आत आली. कस्तुरा पाण्याला गेली होती. मंगाला इंजेक्शनची गुंगी होती. मी पांघरूण वर करून त्याच्या डाव्या घोट्यात दोरा बांधला. पाय काडीसारखा झालेला, दोरा दोन वेढे जास्तच बसला.

मागे वळलो तर म्हातारी माझ्या पाया पडली. माझ्या! जिचा दोरा मी गटारीत फेकला होता तिनं. उठून डोळे पुसत म्हणाली, "मंगा परत उना म्हणीसन गावले सांगी येस." आणि दहाची गाडी धरायला निघालीसुद्धा. तिला अडवायला हवं होतं. गावाला सांगणं, तेच तर नको होतं त्याला! आता दोरा बांधून झाला होता, बोलायची बंदी सुटली होती. पण मी तिला जाऊ दिलं. वाटलं, वाचला तर? चुकून वाचला तर?

एकच्या सुमारास मंगा जागा झाला. खाटेवर एक ठोका. मला वाटलं नळी तुंबली. कस्तुराने पाहिली, नळी साफ होती. पुन्हा एक ठोका. मग त्याने डावा पाय हलवला. कस्तुराने पांघरूण काढलं.

"अगं बाई! हे कुणी?" ती पांढरीफटक पडली. "आईंनी! म्हणूनच सकाळी न सांगता पळाल्या."

मंगाने दाराकडे पाहिलं. ओटा रिकामा. त्याचे डोळे भरले. आपल्या मायबद्दल त्याला जे वाटलं ते मला दिसत होतं. मी गप्प राहिलो असतो तर जन्मात कुणाला कळलं नसतं. सांगायला लाज वाटते, पण अर्धा मिनिट मी गप्प राहिलो. तो गाडी सुरू करण्याआधी डोळे मिटायचा तेवढा वेळ.

"मी बांधला," मी म्हणालो.

कस्तुराच्या हातातलं भांडं खाली पडलं. मंगा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. त्याचं तोंड उघडलं, छाती हलली, डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत गेलं. आवाज नव्हता, त्यामुळे तो हसत होता की रडत होता हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग हात सरकवत आणून त्याने माझ्या मनगटावर ठेवला. बराच वेळ तिथेच ठेवला. आणि मग चमचा उचलून एक ठोका दिला.

नळीची पट्टी कापायची कात्री होती. तिनेच मी दोरा कापला. मग मी लहान पोरासारखा बडबडायला लागलो. मंगा, माझं चुकलं, माय गावाला सांगायला गेली, तू परत आलास म्हणून सांगणार आहे, मी तिला अडवलं नाही. त्याने डोळे मिटले. मला वाटलं, गेला. डोळे उघडले आणि खाटेवर दोन ठोके दिले.

"मी इथंच थांबतो, मंगा. तुझ्याजवळ."

एक ठोका. नाही. आणि मग पुन्हा दोन, सावकाश, एकेक करून.

अकरा वर्षं मी डबल बेल दिली आणि तो निघाला. त्या दिवशी त्याने दिली. कापलेला दोरा खिशात घालून मी दोनची गाडी पकडली.

उंबरपाड्यात चमेलीबाईच्या झोपडीसमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. कोंबडं कापलेलं, चूल पेटलेली. भगत खाटेवर बसलेला. म्हातारीच्या तोंडावर असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. मला बघून ती हसली आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. मी तांब्या घेतला नाही. घेतला असता तर बोलता आलं नसतं. भरल्या गाडीत ओरडतो तसा ओरडलो, "दोरा मंगाने बांधून घेतला नाही! मी बांधला. तो झोपेत होता. जागा झाला आणि त्याने तोडायला लावला. तो कुठेच परत आलेला नाही. होता तिथेच आहे. हा घ्या तुमचा दोरा!"

मग भगत म्हणाला, "त्याले तर बोलता येत नही. मंग सांगितलं कसं?"

"एक बेल दिली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण मागून हिलाल नावाचा एक म्हातारा उठला. दर बाजाराला आमच्याच गाडीने जायचा. तो म्हणाला, "एक बेल म्हणजे थांब. मंगाच्या गाडीत बसेल बठ्ठास्ले माहीत शे." मग कुणी हसलं नाही. एकेक जण उठून आपापल्या घराकडे गेला.

चमेलीबाईने मातीतून दोरा उचलला, बोटांत फिरवून कापलेली टोकं पाहिली. ओरडेल, शिव्या देईल, निदान तांब्या फेकून मारेल असं मला वाटलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, माले खोटं काबर नही सांगं? तेवढं तरी माले ऱ्हातं."

सात वाजता मुक्कामी गाडी आली. बन्सीलालने नेहमीसारखा हॉर्न दिला नाही. टोपी हातात घेऊन खाली उतरला. चार वाजता गेला म्हणाला. म्हणजे मी इथं दोरा दाखवत होतो तेव्हा. माझी जागा रिकामी होती. कस्तुराने नंतर सांगितलं की शेवटी त्याचा हात स्टुलावर होता.

दुसऱ्या दिवशी त्याला उंबरपाड्याला ठाकऱ्याच्या शेजारी माती दिली. पाळकसाहेब चांगलं बोलले. आणि त्या दिवशी पाड्यातलं एकही माणूस म्हणालं नाही की मंगा शेवटी परत आला. त्याला हवं होतं ते झालं. मी मागे उभा होतो. चमेलीबाई आली नाही.

घरी येऊन मी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि बावीसच्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा म्हटल्या. मंगाचा देव आहे की नाही, मला माहीत नाही. मंगा होता, एवढं माहीत आहे. त्याच्या विश्वासाचा पहारा करायला मी बसलो आणि घर मीच फोडलं.

चमेलीबाई अजून आहे. आठवडे बाजाराला उंबरपाड्याच्या फाट्यावर टोपली घेऊन उभी असते. दारात मी दिसलो की मागे सरकते आणि बाभळीखाली जाऊन बसते. पुढची गाडी तीन तासांनी. हात कुणी केलेला नसतो, तरी मी एक बेल देतो. बन्सीलाल गाडी थांबवतो, कधी काही विचारत नाही. मी दार उघडून म्हणतो, "माय, चढ ना." ती डोंगराकडे बघत बसते. आतले लोक ओरडायला लागतात, कंडक्टर, चला की, उशीर होतोय. मी त्यांच्याशी भांडत नाही. थोडा वेळ थांबतो, दार लावतो, आणि दोनदा दोरी ओढतो.